लहान घोडा : एज्ड केअर होममधली स्कूटर आणि जोखमीचा हिशेब

मागच्या व्याख्यानात आपण ‘संमती’ या संकल्पनेबद्दल बोललो. त्यानंतर काही श्रोत्यांनी कळवलं की, सर, तत्त्व समजलं, पण रोजच्या जगण्यातलं एखादं उदाहरण द्या. मागणी रास्त आहे. म्हणून आज एकच उदाहरण घेऊ आणि त्याच्यापाशी जरा निवांत बसू. उदाहरण आहे मोबिलिटी स्कूटरचं.

पुण्या-मुंबईत ‘स्कूटर’ म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती ही नव्हे. ही बॅटरीवर चालणारी, तीन किंवा चार चाकांची, एका माणसाची खुर्चीवजा गाडी. पुढे दांडा, दांड्यावर हँडल, हँडलपाशी बोटांनी किंवा अंगठ्याने दाबायची एक पट्टी. पट्टी दाबली की गाडी चालते, सोडली की आपोआप ब्रेक लागतो. ज्यांना चार पावलं टाकता येतात पण लांब चालवत नाही, त्यांच्यासाठी ही सोय. ऑस्ट्रेलियात आणि ब्रिटनमध्ये फूटपाथवर ती अगदी नेहमीची आहे. ऑस्ट्रेलियात ताशी १० किलोमीटरपेक्षा जोरात न धावणाऱ्या अशा गाडीवर बसलेला माणूस कायद्याच्या दृष्टीने पादचारी ठरतो. त्याला ड्रायव्हिंग लायसन्स लागत नाही. क्वीन्सलँड राज्यात गाडीची नोंदणी करावी लागते, पण तिला पैसे पडत नाहीत. ब्रिटनमध्ये फूटपाथवर ताशी ४ मैलांची, म्हणजे साधारण साडेसहा किलोमीटरची मर्यादा आहे.

थोडक्यात, इथे सरकार परीक्षा घेत नाही. मग ती घेतं कोण? माणूस स्वतःच्या घरी राहत असेल तर बहुधा कुणीच नाही. एज्ड केअर होममध्ये राहत असेल तर ते होम घेतं. (‘वृद्धाश्रम’ हा शब्द मी मुद्दाम टाळतोय. आपल्याकडे त्या शब्दाला टाकून दिल्याचा वास येतो.) आणि प्रश्न सुरू होतो तो इथेच.

माझा थोरला भाऊ, आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो, मेलबर्नच्या एका उपनगरात अशा होममध्ये राहतो. वय ८४. चाळीसहून अधिक वर्षं तिकडेच. गुडघे गेले, पण सकाळी बाहेर पडून कोपऱ्यावरच्या दुकानात वर्तमानपत्र घ्यायचं, बागेत एक चक्कर मारायची, हा नेम त्याने स्कूटरवरून चालू ठेवला होता. एक दिवस दुपारच्या जेवणाच्या वेळी होमच्या कॉरिडॉरमध्ये त्याच्या गाडीचं चाक एका आजींच्या वॉकरला घासलं. आजी पडल्या नाहीत, पण घाबरल्या. संध्याकाळी गाडीची किल्ली ऑफिसात जमा झाली. एक फॉर्म निघाला, त्यावर पुतण्याची सही घेतली गेली.

दादाने मला फोन केला. म्हणाला, “अरे, मला कुणी विचारलंसुद्धा नाही. सही तरी माझी घ्यायची.”

पुतण्याशी बोललो तर तो म्हणाला, “काका, बाबा पडले असते तर? त्या आजी पडल्या असत्या तर?” त्याचंही चूक नव्हतं. त्या वयात मांडीचं हाड मोडणं म्हणजे काय असतं, हे आपल्यापैकी अनेकांनी घरात पाहिलंय.

आता या दोघांपैकी कोण बरोबर, असा प्रश्न आपण विचारला तर फसू. तत्त्वज्ञानात निम्मं काम योग्य प्रश्न शोधण्याचं असतं. तो शोधायला मी जॉन स्टुअर्ट मिलकडे जातो.

मिलचा ‘ऑन लिबर्टी’ हा ग्रंथ १८५९ चा. त्यात एका धोकादायक पुलाचं उदाहरण आहे. एक माणूस मोडकळीला आलेल्या पुलाकडे निघालाय. त्याला सावध करायला वेळच नसेल, तर त्याला धरून मागे ओढलं तरी त्याच्या स्वातंत्र्यावर घाला येत नाही, कारण नदीत पडावं अशी त्याची इच्छा नाहीच. पण अपघात नक्की होणार असं नसेल, नुसता होण्याचा संभव असेल, तर आपलं काम त्याला धोका सांगण्याचं. जायचं की नाही हे तो ठरवेल. अपवाद कोणाचा, तर मुलांचा, आणि ज्याची विचारशक्ती त्या घडीला ताळ्यावर नाही त्याचा.

या छोट्या उदाहरणात तीन प्रश्न दडलेत. धोका निश्चित आहे की संभाव्य? माणसाला तो कळला आहे का? आणि तिसरा, मिलच्या सगळ्या विचाराच्या मुळाशी असलेला : धोका कोणाला आहे, त्याला एकट्याला की दुसऱ्यालाही?

दादाची बाजू घेताना मी हा तिसरा प्रश्न सोयीने विसरत होतो. पूल ओलांडणारा एकटा असतो, फूटपाथवर माणूस एकटा नसतो. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सिनेटच्या एका समितीने या स्कूटरांच्या नियमनाची चौकशी केली. त्या चौकशीसाठी आग्रह धरणारे सिनेटर जॉन विल्यम्स यांच्या पत्नीला अशाच गाडीची धडक बसून दुखापत झाली होती. आणि एज्ड केअर होमच्या कॉरिडॉरमध्ये तर समोरून येणारा प्रत्येक जण ठिसूळ हाडांचा. तिथे ‘माझी गाडी, माझी मर्जी’ हे चालायचं नाही.

पण दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. १९७२ मध्ये रॉबर्ट पर्स्के या अमेरिकी लेखकाने ‘जोखमीची प्रतिष्ठा’ या अर्थाचा शब्दप्रयोग रूढ केला. तो लिहीत होता बौद्धिक अपंगत्व असलेल्या लोकांबद्दल. त्याचं म्हणणं असं की, माणसाच्या वाट्याची सगळी जोखीम आपण काढून घेतली तर तिच्याबरोबर त्याचं माणूसपणही थोडं काढून घेतो. हा विचार पुढे वृद्धांच्या सेवेत आला. ऑस्ट्रेलियात २०१८ ते २०२१ या काळात एज्ड केअरच्या दर्जाची आणि सुरक्षिततेची चौकशी करणारा रॉयल कमिशन बसला होता. जुलै २०१९ पासून तिथे जी गुणवत्ता-मानकं लागू झाली, त्यांतलं पहिलंच मानक प्रतिष्ठेचं आणि निवडीचं होतं. रहिवाशाला स्वतःच्या मनासारखं जगता यावं म्हणून जोखीम घ्यायला साहाय्य करा, असं त्यात म्हटलेलं होतं. शब्द नीट ऐका : साहाय्य करा. ‘जोखीम घेऊ द्या’ एवढ्यावर ते थांबलेलं नाही. आता १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात तर रहिवाशांच्या हक्कांचं निवेदनच आहे.

मग इतकं सगळं असून किल्ली जमा का होते? मला वाटतं, याचं कारण नोंदवहीत आहे. चाक वॉकरला घासलं, त्याची नोंद झाली. वेळ, जागा, साक्षीदार, सगळं. पण किल्ली काढून घेतल्यावर दादा सलग पाच आठवडे बाहेर गेला नाही, वर्तमानपत्र वाचायचं थांबला, जेवणाच्या टेबलावर बोलेनासा झाला, याची नोंद कुठल्याच रजिस्टरात नाही. झालेला अपघात मोजता येतो, न झालेला फेरफटका मोजता येत नाही. जे मोजलं जातं त्याचीच भीती वाटते, आणि जे मोजलं जात नाही ते फुकट आहे असं आपण धरून चालतो. हिशेबातली ही चूक होमची होती, तशी पुतण्याची होती, आणि आईच्या बाबतीत पूर्वी माझीही झाली होती.

तर मग तपासणी करायची कशी? पुतण्याने आग्रह धरल्यावर होमने एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट बोलावली. मी त्या वेळी तिकडे होतो, दादाच्या परवानगीने मागे मागे चालत होतो. तिने जे केलं ते सांगतो, कारण त्यात विचार करण्याची एक पद्धत आहे.

तिने आधी गाडीला हातच लावला नाही. दादाला विचारलं, “तुम्हाला कुठे जायचंय? आणि का?” पाच आठवड्यांत हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला होता. उत्तरावर सगळं अवलंबून असतं. ज्याला बागेपर्यंत जायचंय त्याची तपासणी बागेच्या रस्त्यावर व्हायला हवी.

मग डोळे. भिंतीवरची अक्षरं वाचता आली म्हणजे झालं, असं नाही. काचबिंदूत बाजूची नजर जाते. समोरचा तक्ता माणूस खाडखाड वाचतो, पण कडेच्या फाटकातून मागे येणारी मोटार त्याला दिसत नाही. पक्षाघातानंतर कधी कधी डोळा शाबूत असतो, पण मेंदू डाव्या बाजूची दखलच घेत नाही. असा माणूस डाव्या चौकटीला पुन्हा पुन्हा धडकतो आणि चौकट पुढे आली म्हणतो.

मग शरीर. मान किती वळते, बसल्यावर तोल सांभाळतो का, पट्टी सलग दाबून धरण्याइतकी बोटांत ताकद आहे का. गाडीवर चढणं-उतरणं तिने चार वेळा करायला लावलं. चढता-उतरताना किल्ली बंद हवी, हा तिचा पहिला नियम. का? तर बाही किंवा कोपर पट्टीला लागतं, गाडी हलते, आणि एक पाय जमिनीवर असलेला माणूस कोसळतो.

मग मन. आज तारीख कोणती, शंभरातून सात वजा करत चला, अशा प्रश्नांची ३० गुणांची एक चाचणी आहे, १९७५ पासून जगभर वापरात आहे. ती उपयोगी आहे, पण तिच्या गुणांवरून माणूस रस्त्यावर कसा वागेल हे थेट सांगता येत नाही. मंगळवार की बुधवार हे विसरलेला माणूस मोटार दिसल्यावर शिस्तीत थांबू शकतो. आणि तारीख अचूक सांगणारा माणूस घाईने पुढे घुसू शकतो. एकाच वेळी दोन-तीन गोष्टींकडे लक्ष देता येतं का, आणि चूक झाल्यावर ती कळते का, हे पाहावं लागतं. ते चालवतानाच दिसतं.

म्हणून शेवटी गाडी. आधी रिकामं अंगण, मग कॉरिडॉर, मग लिफ्ट, मग बाहेरचा रस्ता. एका वळणावर ती अचानक ओरडली, “थांबा!” मी दचकलो. ही परीक्षा फार महत्त्वाची, कारण या गाडीची रचना आपल्या स्वभावाच्या उलट आहे. घाबरलं की माणसाची मूठ आवळते, आणि इथे मूठ आवळली तर गाडी पुढे पळते! थांबण्यासाठी सोडावं लागतं. आयुष्यभर मोटार चालवलेल्या माणसाचा पाय तर नसलेला ब्रेक शोधत राहतो. दादा पहिल्या वेळी दोन हात पुढे गेला. तिने समजावलं, पुन्हा केलं. तिसऱ्या वेळी जागेवर थांबला. म्हणजे शिकता येत होतं, आणि हेही तिने लिहून घेतलं.

रस्त्यावर ती फूटपाथच्या कडेला असलेल्या उतारांकडे बघत होती. उतार किंवा कड तिरकी घेतली तर गाडी कलंडते, ती सरळच घ्यायची. तीन चाकी गाडी अरुंद जागेत छान वळते, पण कलंडायलाही सोपी. मोटरचा क्लच सोडवणारा एक खटका असतो. तो सुटलेला राहिला तर ब्रेक लागत नाही आणि गाडी उतारावरून घरंगळते. बॅटरी कुठे चार्ज करता, गाडी रात्री कुठे ठेवता, आग लागली तर बाहेर पडण्याचा मार्ग ती अडवणार नाही ना, हेही तिने विचारलं. गोळ्यांचा कागद मागितला. दुपारी घेतलेल्या एका गोळीने दादाला झापड येते, हे तो स्वतःच बोलून गेला.

कॅनडात १९९० च्या दशकात संस्थांत राहणाऱ्यांसाठी तयार झालेली एक चाचणी आहे, तिची गुणपद्धती मला आवडते. प्रत्येक कामाला १ ते ४ गुण. सहज जमलं तर ४, अडखळत पण सुखरूप जमलं तर ३, बाकीचं त्याहून खाली. यात ‘अडखळत पण सुखरूप’ला स्वतंत्र जागा आहे, हे मोठं शहाणपण. म्हातारपणाचा बराचसा भाग त्याच जागेत जातो.

निष्कर्ष काय निघाला? दादा बाहेर बरा होता आणि आत वाईट. मान वळत नसल्याने अरुंद जागेत गाडी मागे घेताना त्याला अंदाज येत नव्हता. सकाळी चांगला होता, दुपारच्या गोळीनंतर नव्हता. म्हणून ठरलं असं : गाडी इमारतीच्या आत आणायची नाही, पोर्चमध्ये ठेवायची. तिथपर्यंत वॉकरने जायचं. वेगाचा खटका चालण्याच्या गतीवर. एक आरसा, मागे उंच झेंडा. फक्त सकाळी. रस्ता ठरलेला, मोठा चौक टाळून. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी, आणि मध्ये पडणं, इस्पितळ, नवीन गोळी किंवा थोडक्यात टळलेला अपघात, यांतलं काही घडलं तर लगेच. कागदावर पहिली सही दादाची.

इथे मला एक तात्त्विक मुद्दा नोंदवायचाय. आपण विचारतो, “हा माणूस सक्षम आहे का?” जणू सक्षमता ही उंचीसारखी माणसाच्या अंगात असलेली गोष्ट आहे. प्रत्यक्षात दादा सकाळी नऊला, त्या रस्त्यावर, त्या वेगाने सक्षम होता. तोच दादा दुपारी एकला कॉरिडॉरमध्ये नव्हता. सक्षमता ही माणूस, यंत्र, वाट आणि वेळ यांच्या नात्यात असते. हे एकदा ध्यानात आलं की ‘परवानगी द्यायची की नाही’ हा प्रश्न सुटून ‘कोणत्या अटींवर’ हा प्रश्न हाती येतो, आणि त्याला उत्तरं सापडतात.

हे आपल्याकडे नवीन आहे असं समजू नका. डॉ. अतुल गावंडे यांच्या २०१४ च्या ‘बीइंग मॉर्टल’ या पुस्तकात त्यांच्या आजोबांची हकिगत आहे. सीताराम गावंडे, विदर्भातल्या उटी गावचे शेतकरी. वयाची शंभरी ओलांडल्यावरही त्यांना रोज रात्री घोड्यावरून शेताला फेरी मारायची असे. पडतील, ही भीती घरच्यांना होतीच. त्यांनी काय केलं? घोडा काढून नाही घेतला. लहान घोडा आणला, आणि सोबतीला कायम कुणीतरी राहील असं पाहिलं. आजोबा शेवटच्या वर्षापर्यंत फेरी मारत राहिले. जवळजवळ ११० वर्षं जगले. शेवटी पडले, डोक्याला मार लागला, पण घोड्यावरून नाही. कोर्टाच्या कामाला जाताना बसमधून पडले.

त्या घरात कुणी थेरपिस्ट नव्हता, फॉर्म नव्हता. पण म्हाताऱ्याला शेत का बघायचंय हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांना लहान घोडा सुचला. मेलबर्नच्या त्या बाईंनी दीड तासात जे केलं ते हेच.

आता अर्धवट गोष्ट सांगून तुम्हाला गोड वाटायला लावणार नाही. दादाची स्कूटर अकरा महिने चालली. मग न्यूमोनियाने तो इस्पितळात गेला, परत आल्यावर तपासणी झाली, आणि या वेळी उत्तर ‘नाही’ असं आलं. ‘थांबा’ म्हटल्यावर त्याची बोटं सुटेनात. त्याला वाईट वाटलं, पण पहिल्या वेळचा संताप नव्हता. मला म्हणाला, “या वेळी मी स्वतः पाहिलं रे. मलाच जमेना.” आता आठवड्यातून दोनदा कुणीतरी चाकाच्या खुर्चीतून त्याला त्याच रस्त्याने दुकानापर्यंत नेतं. वर्तमानपत्र तोच निवडतो, पैसेही तोच देतो. घोडा आणखी लहान झाला, इतकंच.

थोडी प्रश्नोत्तरं घेऊ.

प्रश्न : सर, माझे वडील ८२ वर्षांचे आहेत, पुण्यात राहतात. ते अजून गियरलेस स्कूटर चालवतात, ऐकत नाहीत. तुमचा युक्तिवाद त्यांना लागू होतो का?

उत्तर : प्रश्न तेच लागू होतात, उत्तर वेगळं येऊ शकतं. ती गाडी ताशी ५० ने धावते, दोन चाकांची आहे, आणि रस्त्यावर शाळेची मुलं आहेत. मिलचा तिसरा प्रश्न तिथे फार जड होतो. पण किल्ली लपवण्याआधी त्यांना विचारा : कुठे जायचं असतं, आणि का? मंडईत मित्र भेटतात म्हणून जात असतील, तर रोज सकाळची ओळखीची रिक्षा हा तुमचा लहान घोडा. भाजी घरपोच आणण्याने तो प्रश्न सुटणार नाही.

प्रश्न : सही केली म्हणजे होमची जबाबदारी संपते का? पुढे काही झालं तर?

उत्तर : नाही संपत. सहीचा अर्थ एवढाच की धोका सांगितला गेला आणि समजला. काळजी घेण्याचं कर्तव्य होमकडे राहतंच. दुसऱ्याला इजा झाली तर भरपाईची सोय काय, विमा कोणाचा, हे आधी लेखी विचारून घ्या. आणि एक लक्षात ठेवा. ज्या कागदावर घरातल्या सगळ्यांच्या सह्या आहेत पण ज्याची गाडी आहे त्याची नाही, तो कागद परत पाठवा.

वेळ झाली. पुढच्या वेळी भेटू. नमस्कार.